खंडेनवमीचं तेल

गाडी घेऊन आले त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे काका पार्किंगमध्ये उतरले, हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अर्धीच घेतलीत का? उरलेली अर्धी कधी येणार?"

मी म्हटलं, "तुम्ही रोज मला कुठेतरी सोडा म्हणाल, म्हणून मागच्या सीटा तिथेच ठेवून आले."

दिवसभराची दमलेली असले की माझी जीभ जास्त चालते. आणि त्या वर्षी मी रोजच दमलेली होते.

गाडी दोन दारांची, दोनच सीटांची. इतकी बुटकी की सोसायटीचं मांजर तिच्या टपावर उडी न मारता चढायचं. रंग लाल, टपावर उन्हाने विटलेला. स्पोर्ट्स कार म्हणतात तसली, पण दुसऱ्याची वापरलेली. म्हणजे वापरलेली तरी कसली, नुसती ठेवलेली. मी पन्नाशीला टेकलेली, लग्न न केलेली, हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करणारी बाई. मला ही गाडी कशाला हवी होती, असं सगळ्यांनी विचारलं. मी सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं दिली. खरं उत्तर असं होतं की मला कंटाळा आला होता. सकाळी बिबवेवाडीहून कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस, आणि घरी भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा.

आई गेल्यावर बाबा वर्षभर बरे होते. म्हणजे निदान चालते-बोलते होते. वर्षश्राद्ध झालं आणि जणू काही आता सगळी कामं संपली, असं ठरवून ते आडवे झाले. जेवण दोन घास. बोलणं नाही. खाली उतरणं नाही. आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकदम बंद. मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले की म्हणायचे, "मला काय करायचंय जगून? तू जा, तुझी बस चुकेल." रागाने नव्हे हो, अगदी शांतपणे. दूधवाल्याला उद्यापासून दूध नको म्हणून सांगावं तसं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की या वयात गोळी अशी सोडली तर कधीही झटका येईल, तुम्ही काहीही करून द्या. काहीही करून म्हणजे काय करून? मी रडून बघितलं, ओरडून बघितलं, गोळी कुटून आमटीत घालून बघितली. त्यांनी आमटी सोडली.

रोज बसमध्ये बसताना मनात एकच यायचं, की संध्याकाळी दार उघडेन तेव्हा आत काय असेल. आणि त्याच्या मागोमाग दुसरं यायचं, की मी थकले आहे. प्रेमाच्या माणसाचाही कंटाळा येतो. आपल्याकडे हे बोलायची पद्धत नाही, पण येतो.

बस परत येताना एका ठिकाणी हमखास अडकायची. तिथे रस्त्याला लागूनच एक गोठा होता. गोठ्याला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ताडपत्रीखालून एक लाल कोपरा बाहेर आलेला. महिनोन् महिने मी तो कोपरा बघत होते. एक दिवस बस हलेचना, तेव्हा मी सरळ खाली उतरले आणि जाऊन विचारलं.

मालक म्हशीला पेंड घालत होते. "जमीन कंपनीत गेली, पैका आला, तवा पोरानं हौसंनं घेतली," ते म्हणाले. "पर ताई, दोनच शिटा हायेत. लग्नाला जायचं तर आईला बसवावी का बायकूला? निस्ती भांडणं. आता मोठी घेतलीया, समदं घर बसतंय. ही दसऱ्याला भाईर काढायची, धुयाची, हार घालायचा, परत आत."

"चालते का?"

"पळती! पर पळवायची कुठं?" त्यांनी रस्त्याकडे हात केला. माझी बस तिथेच उभी होती.

अशी ती आमच्या घरी आली. बाबांसाठी मुळीच घेतली नव्हती, स्वतःसाठी घेतली होती, हे मी मुद्दाम सांगते. लोक मागाहून म्हणायला लागले, वडिलांसाठी पोरीने केवढं केलं. काही केलं नाही. डोकं फिरलं होतं, म्हणून घेतली.

तर दुसऱ्या दिवशी रविवार. मी खाली गाडीचं बॉनेट कसं उघडतात ते शोधत होते, तेवढ्यात मागे चपलांचा आवाज आला. बघते तर बाबा. पायजमा, बंडी, दाढी वाढलेली, केस उभे. गाडीकडे त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मला वाटलं, आता पैशावरून ऐकवणार.

"तेल कधी बदललंय?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, माहीत नाही. "माहीत नाही आणि गाडी घेतलीस? शाबास!" म्हणाले. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू.

बाबा काही यंत्रातले जाणकार नव्हेत. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. पण त्यांच्याकडे एक स्कूटर होती आणि ती त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली. वस्तू बिघडायच्या आधी तिच्याकडे बघायचं, हे त्यांचं ब्रीद. घरातली विळी, अडकित्ता, कुलपं, बिजागऱ्या, आईचं शिलाई मशीन, जे जे लोखंडाचं त्याला वेळच्या वेळी तेल. आमच्या घरात दार कधी कुरकुरलं नाही.

मग सुरू झालं आमचं गाडीचं आजारपण. गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे, तिथला मेकॅनिक रविवारी यायचा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. आधी सगळं पातळ बदलायचं. इंजिनाचं तेल, ब्रेकचं तेल, कूलंट. मग फिल्टर, बॅटरी, टायर. मगच पळवा." बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. उभी राहिलेली गाडी जास्त खराब होते, या वाक्यावर मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

इंजिनातलं तेल निघालं ते काजळासारखं. हवेचा फिल्टर उघडला तर आत पेंढा, भुईमुगाची टरफलं आणि उंदराचा संसार. उंदीर नव्हता, गेला असावा मोठ्या गाडीत. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरं साचलं होतं, ते बाबांनी खायचा सोडा आणि गरम पाणी घालून जुन्या टूथब्रशने घासून काढलं आणि ब्रश धुऊन परत ठेवायला निघाले, तो मी हिसकावून कचऱ्यात टाकला. टायरवरून तर भांडण झालं. नक्षी अगदी नवी दिसत होती, पण मेकॅनिकने बाजूवरचा आकडा दाखवला, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. रबर कडक झालं होतं, बारीक भेगा होत्या. "नक्षी शाबूत असताना टायर टाकायचे? माजलेत लोक," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, मला मरायचं नाहीये." टायर बदलले.

आता ते रोज खाली उतरत होते. दाढी करू लागले. मी संध्याकाळी आले की दारातच सांगायचे, आज काचेच्या रबराला पावडर लावली, आज दाराच्या बिजागरीत तेल सोडलं. जेवायचे पण. पण गोळी पुढे केली की पुन्हा तेच, मान वळवायची. "गाडीचं ठीक आहे, ती अजून नवी आहे," म्हणायचे. मी रोज पेला घेऊन उभी राहायची आणि रोज तो मोरीत ओतायची. डॉक्टर म्हणाले, जेवतात ना, मग घेतीलही, वाट बघा. वाट बघायला माझ्याकडे ताकद नव्हती, पण दुसरं काय करणार होते.

आणि दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रांची पूजा. आमच्यासारख्यांकडे शस्त्रं कुठली, विळी, कात्री, पाने, पकडी, पाटावर मांडायच्या. दरवर्षी बाबा त्या सगळ्या पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचे. आधीच्या वर्षी आई नव्हती म्हणून काहीच केलं नव्हतं. या वर्षी सकाळी उठून बघते तर बाबा शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणि फडकं घेऊन बसलेले. पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, मग बादली घेऊन खाली गेले आणि दुपारभर गाडी धूत बसले. चाकं तर ओणवं होऊन हात घालून आतून धुतली. मला इतका आनंद झाला होता की मी चकल्यांचं पीठ मळत गॅलरीतून नुसती बघत राहिले.

दसऱ्याच्या सकाळी ते माझ्याही आधी खाली जाऊन आले. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. वर येऊन म्हणाले, "जा, देवळापर्यंत एक चक्कर मारून ये. मी तोवर श्रीखंड वाटीत काढतो." स्वतः श्रीखंड वाढणार होते! मी नवी साडी नेसून गाडीत बसले. म्हणजे पडले. साडी नेसून त्या गाडीत नीट बसताच येत नाही.

चारही लिंबं फुटली. आमच्या पार्किंगपासून फाटकापर्यंत उतार आहे. उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही.

पायाखाली पेडल घट्ट होतं. नेहमीसारखंच. पण गाडी आपली चाललीच, अगदी निवांत, जणू तिला मी आत आहे हेच माहीत नाही. मी दोन्ही पायांनी दाबलं. हँडब्रेक ओढला. फाटकाशी वॉचमनची खुर्ची होती, नशिबाने वॉचमन चहाला गेला होता. खुर्ची चेपली. पलीकडे कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती, तिच्यात नाक खुपसून गाडी थांबली. रस्ता तिथून दोन हातांवर. रस्त्यावरून टेम्पो चालले होते.

हार माझ्या काचेवर आला होता. साडी पायांत अशी अडकली होती की दार उघडून बाहेर यायला जमेना.

मेकॅनिक सणाच्या नव्या शर्टात धावत आला. वाकून चाकात हात घातला, बोट बाहेर काढून चोळलं, हुंगलं. "मॅडम," तो म्हणाला, "हिच्या डिस्कला तेल कुणी पाजलं?"

चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, आणि गाडी थांबते. तबकडी कोरडी असावी लागते. धुतल्यावर तिच्यावर एका रात्रीत तांबूस गंज धरतो, तो चार वेळा ब्रेक मारला की आपोआप जातो. हे मला तेव्हा कळलं. बाबांच्या स्कूटरचे ब्रेक डब्यात बंद असायचे, त्यांनी अशी उघडी तबकडी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी सकाळी गंज पाहिला, कुपी काढली, आणि सणासुदीला लोखंड गंजकं राहू नये म्हणून चारही चाकांत मायेने तेलाचा हात फिरवला.

जिना चढताना मी ठरवलं, सांगायचं नाही. कसंबसं उठून बसलेलं माणूस. आपण ढकलायचं नाही.

"काय गं, वाळू कसली लागलीये?" बाबा वाट्या घेऊन उभे होते.

"ब्रेक लागले नाहीत. जुनी गाडी, चालायचंच."

"बघ!" ते म्हणाले. चेहरा कसा उजळला होता. "मला वाटलंच होतं. त्या आतल्या चकत्या इतक्या गंजल्या होत्या सकाळी. मी तेल दिलंय, पण कमी पडलं असेल. उद्या परत देतो, चांगलं मुरवून."

मग मात्र माझा तोल गेला. "देऊ नका!" मी ओरडले. "त्या तेलानेच झालं सगळं! ब्रेकला तेल लावतं का कुणी? टेम्पोखाली गेले असते मी!"

खाली कुणीतरी दुसऱ्या गाडीसमोर नारळ फोडला, तो आवाज वर आला.

"तू आत होतीस?" बाबांनी विचारलं.

"मग कोण असणार? ड्रायव्हर ठेवलाय का मी?"

त्यांनी वाट्या खाली ठेवल्या. हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. श्रीखंड मीही खाल्लं नाही. सोनं द्यायला शेजारचे आले, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं.

पुढचे दिवस आठवतात ते नुसते थकव्याचे. बस, काम, बस. बाबा पुन्हा दोन घासांवर आले. मी बोलायचा प्रयत्न करायचे, "बाबा, होतं असं, कुणाला काही झालं नाही ना?" ते भिंतीकडे आणखी सरकायचे. मला स्वतःचा राग यायचा, मग त्यांचा राग यायचा, मग मेलेल्या आईचाही यायचा, की आम्हा दोघांना एकमेकांच्या गळ्यात अडकवून ही बरी सुटली. मेकॅनिकने पॅड नवे घातले, तबकड्या धुऊन साफ केल्या, स्वतः चालवून खात्री केली. "वर टेकडीकडे, अप्परच्या उतारावर थांबवून बघितली, मॅडम. जागच्या जागी थांबते," म्हणाला. किल्ली टेबलावर पडून राहिली. मला खरं तर त्या गाडीत परत बसायची भीती वाटत होती.

रविवारी सकाळी मी मनाचा हिय्या केला. म्हटलं एकदाची चालवून बघू, नाहीतर विकून टाकू. किल्ली उचलली आणि वळले, तर बाबा दारात. इस्त्रीची पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत चपला.

"मी बसणार," म्हणाले.

"कशाला? झालीय दुरुस्त."

"मी केलंय ते. आधी मी बसणार. परत काही झालं तर तू एकटी नको आत."

"अहो बाबा, मेकॅनिकने चालवून बघितलीये."

"त्याने बघितली. आपण नाही."

वर्षश्राद्धापासून ते फाटकाबाहेर पडले नव्हते. मी पुढे वाद घातला नाही. त्यांना गाडीत घालणं म्हणजे एक सोहळाच होता. आधी पाठ आत, मग एक पाय, मग गुडघ्याला शिव्या, मग दुसरा पाय. "ही सीट आहे का पाट?" म्हणाले. "ताट-वाटी पण मांड समोर." पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत उभे होते, त्यांना काय बोलावं सुचेना, हे मात्र बघण्यासारखं होतं.

फाटकाशी मी ब्रेक दाबला. थांबली. वॉचमनने नवी खुर्ची उचलून आधीच आत नेली होती. मग सावकाश चौकातून निघाले आणि अप्परकडे चढले. वर जाऊन वळवली. समोर लांबच लांब उतार, रविवारची सकाळ, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. बाबा हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. मला वाटलं, हा माणूस आता असाच शांतपणे बसून राहील. गाडी थांबली काय नि न थांबली काय, त्यांना सारखंच. मला त्यांची फार दया आली आणि तितकाच संतापही आला.

मी गाडी सोडली. उतारावर तिने वेग घेतला. इंजिन गुरगुरलं. पहिल्यांदाच ती गाडी पळत होती.

"अगं ए!" बाबा ओरडले. "अगं दाब! दाब की! मारतेस की काय मला!"

मी दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागे कुणी नव्हतं. मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे बघितलं. एका हाताने दाराची मूठ धरलेली, दुसऱ्या हाताने छातीवरचा पट्टा. आणि उजवा पाय. उजवा पाय सरळ ताठ करून, टाच रोवून, त्यांनी गाडीच्या तळाशी सगळा जीव लावून दाबून धरला होता. त्यांच्या बाजूला ब्रेक नसतो. पाय इतका जोरात दाबला होता की चपलेचा अंगठा तुटला होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला तर जायचं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लहानपणी असतं तर मी पळून गेले असते. मग त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. पाय अजून दाबलेलाच होता. तो त्यांनी हळूहळू सोडला. मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच मी रडायला लागले, मोठ्याने, भर रस्त्यात. एक स्कूटरवाला वेग कमी करून बघून गेला. बाबांनी मला गप्प केलं नाही. खिशातला रुमाल काढून पुढे धरला, नेहमीसारखी चौकोनी घडी केलेला.

मी डोळे पुसले तेव्हा ते म्हणाले, "त्या गोळ्या टाकून दिल्यास का गं?"

"कुठल्या?"

"माझ्या."

"नाही. आहेत."

"बरं," बाबा म्हणाले. "चल मग घरी."